ग्रामपंचायतीला उभारलाय? मग प्रचाराचे दहा दिवस असे काढा

आमच्या भागात परत निवडणुकीचं वारं सुटलं की मला फोन यायला लागतात, बहुतेक बायकांचे, आणि प्रश्न एकच असतोय, "वैनी, उभारलो तर दिवसभर नक्की करायचं काय असतंय?" अर्ज कसा भरायचा हे सांगणारे गावात ढीगभर असतात, पण सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत उमेदवारानं काय करायचं, कुठं जायचं, कधी जायचं, काय खायचं, घर कोण बघणार, हे कोण सांगत नाही. म्हणून मी जे केलं, जे चुकलं आणि जे आता परत उभारले तर पहिल्या दिवसापासून करीन, ते सगळं लिहिते.

मी २०२२ ला उभारले होते. करवीर तालुका, कोल्हापूरपासून दहा-बारा किलोमीटरवर आमचं गाव, ११ सदस्यांची ग्रामपंचायत, आमच्या प्रभागात तीन जागा आणि मतं साधारण साडेआठशे. ७ डिसेंबरला दुपारी तीनला माघारीची मुदत संपली, चिन्हं मिळाली, आणि १८ डिसेंबरला रविवारी मतदान. म्हणजे हातात जेमतेम दहा दिवस, आणि त्यात घर, म्हशी, मुलीची शाळा सगळं आहे तसंच चालू.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. घरफाळा-पाणीपट्टी भरून थकबाकी नसल्याचा दाखला घ्या, संडासचा दाखला घ्या, जागा आरक्षित असेल तर जातीचा दाखला आणि पडताळणीचं प्रमाणपत्र, नाहीतर समितीकडं अर्ज केल्याची पोच. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेलं असेल तर उभारता येत नाही. १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्म असेल तर सातवी पास लागतंय. सरकारी जागेत घराचं अतिक्रमण असेल, आणि ते सासऱ्यांनी केलेलं असलं तरी, आधी वकिलाला विचारा, कारण निवडून आल्यावरसुद्धा त्यावरनं पद गेलेली माणसं आहेत. निवडणुकीच्या खर्चासाठी वेगळं बँक खातं काढा. आणि शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका, शेवटच्या दिवशी अर्ज भरायची साईट चालत नाही आणि सेंटरवर पन्नास माणसं बसलेली असतात.

माघारीचा दिवस सगळ्यात अवघड. सकाळपासून घरात माणसं येतात, भावकीतली थोरली, पाहुण्यांमधली, शेजारची, आणि सगळी गोड बोलतात, "पुढच्या टायमाला बघू की, यंदा बिनविरोध करूया". त्यावेळी निर्णय घ्यायला बसू नका. निर्णय आदल्या रात्री घरात घ्या. मी आमच्या घरातल्या पाचही जणांना बसवून विचारलं, सासूबाईंनासुद्धा, आणि ज्याला जे वाटतंय ते बोलू दिलं. सासूबाई म्हणाल्या, "उभारायचं तर उभार, पण म्हशी मी बघतो, त्यात कुणी बोलायचं नाही." ते एक वाक्य मला दहा दिवस पुरलं. दुसऱ्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाला चहा दिला, पाया पडायच्या वयाच्यांच्या पाया पडले, आणि एकच उत्तर, घरात ठरलंय, आता मागं नाही. वाद घालायचा नाही, कारण हीच माणसं पुढं तुमचे मतदार असतात.

त्या दिवशी दत्त जयंती होती, निम्मं गाव नरसोबाच्या वाडीला गेलेलं. चिन्ह मिळालं म्हणून लगेच रिक्षा फिरवायला लागू नका, ऐकायला कोण असतंय ते आधी बघा. आम्ही ती संध्याकाळ मतदार यादी घेऊन बसलो आणि माझ्या मते अख्ख्या प्रचारातलं सगळ्यात मोलाचं काम तेच झालं. गल्लीतली एक थोरली बाई, एक कॉलेजला जाणारं पोरगं आणि मी, तिघांनी मिळून यादी एकेक नाव करून वाचली. कोण गावात राहतंय, कोण पुण्याला आहे, कोण लग्न होऊन गेलीय, कोण वारलंय, कुणाचं नाव दुसऱ्याच घरात पडलंय. आमच्या यादीतली सत्तरच्या वर नावं बाहेर राहणाऱ्यांची निघाली. नावापुढं 'आपला' आणि 'त्यांचा' अशा खुणा करू नका, ती यादी कुठंतरी फिरते आणि कुणाच्या तरी हाताला लागते, मग दहा वर्षं ते घर तुमच्याशी बोलत नाही. मी फक्त दोनच गोष्टी लिहिल्या, माणूस घरात कधी सापडतो आणि त्याचं काय काम अडलंय.

आता मुख्य मुद्दा. प्रचाराचं टाइमटेबल स्वतःच्या सोयीनं करू नका, म्हशीच्या धारेच्या वेळेनं करा. आमच्याकडं गावाचा दिवस दुधावर चालतो. पहाटे साडेपाचला धार, सहा ते आठ दूध संस्थेत संकलन, परत संध्याकाळी तसंच. सकाळी दूध घालायला जवळजवळ प्रत्येक घरातलं एक माणूस बाहेर येतं, म्हणजे दोन तासांत निम्मा प्रभाग डोळ्यांपुढनं जातो. पण तिथं भाषण करायचं नाही, पत्रक वाटायचं नाही. माणूस घाईत असतो, हातात किटली, घरात पोरांचा डबा, पाठीमागं शिफ्टची बस. मी आमचं स्वतःचं दूध घेऊन जायचे, रांगेत माझ्या नंबरावर उभारायचे, कुणी "वैनी, पुढं या" म्हटलं तरी जायचे नाही. नमस्कार, नाव, चिन्ह, बास. ज्याला बोलायचं असतंय तो दूध घालून झाल्यावर आपोआप बाजूला थांबतो. आणि दुधाला फॅट कमी लागून दर कमी बसलाय असं दिसलं तर त्या माणसाला त्या दिवशी सोडून द्या, त्याचं डोकं त्या पावतीत असतंय.

एमआयडीसीला जाणारी पोरं मात्र दुधाच्या रांगेत सापडत नाहीत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची फाइव्ह स्टार, पहिली शिफ्ट असली की सहालाच घरातनं बाहेर. त्यांची नावं वेगळी काढा. पहिली शिफ्टवाला संध्याकाळी पाचनंतर, सेकंड शिफ्टवाला सकाळी दहाला, नाईटवाल्याला दुपारी झोपेतनं उठवायचं नाही म्हणजे नाही. आमच्या पॅनेलमधल्या एकानं एका नाईटवाल्याला दुपारी दोनला दार वाजवून उठवलं, ते घर आमच्यावर शेवटपर्यंत नाराज होतं आणि त्यांचं बरोबर होतं.

दहानंतर गल्लीत फिरण्यात अर्थ नसतो, घरात म्हातारी माणसं आणि लहान पोरं. बायका भांगलायला, म्हणजे तण काढायला, पुरुष वैरणीला, आणि डिसेंबर म्हणजे कारखान्यांची धुराडी पेटलेली, कुणाच्या उसाला तोड आली असेल तर अख्खं घर फडात. म्हणून शेतात जा. पण जाताना दोन-तीनच माणसं, पंधरा जणांचा ताफा बांधावर नेला की माणसं काम थांबवून बघत बसतात, त्यांचा रोजगार बुडतो. मी एक बाई सोबत घेऊन जायचे आणि खुरपं घेऊन जायचे. एक-दोन सऱ्या त्यांच्याबरोबर भांगलायच्या. तिथं फोटो काढू नका, मोबाईल कमरेला असू दे. वाकून हात चालू असले की बायका मोकळं बोलतात, एकमेकींच्या बोलण्यात भर घालतात.

मला आमच्या प्रभागाचा खरा प्रश्न तिथंच कळला. घरोघरी गेल्यावर पुरुष माणसं सांगायची, रस्ता करा, गटर करा, मंदिरापुढं शेड करा. शेतात पहिल्याच दिवशी पाच-सहा बायकांनी एकच सांगितलं, नळाला पाणी पहाटे चारला सुटतंय, ते पण एक दिवसाआड. म्हणजे चारला उठून पाणी भरायचं, साडेपाचला धार, मग डबा, मग शेत. एक जण म्हणाली, "रस्ता कवाबी हूंदे वैनी, पाणी तेवढं सहाला सोडा, दीड तास झोप मिळंल." रस्त्याला लाखो रुपये लागतात, पाण्याची वेळ बदलायला काय लागतंय? पाणी सोडणाऱ्या माणसाशी बसून बोलायचं, टाकी भरायची वेळ आणि लाईटचं वेळापत्रक बघायचं. एवढी साधी गोष्ट कुणाच्या पत्रकात नव्हती, कारण पत्रक लिहिणाऱ्या कुणी चारला उठून पाणी भरलेलं नव्हतं. माझं पत्रक त्या दुपारी घरी येऊन मी परत लिहिलं, पाणी सगळ्यात वर.

म्हणून वही पाहिजेच. मोबाईलमध्ये लिहू नका, समोरच्याला वाटतंय तुम्ही मेसेज करताय. शंभर पानी वही, पेन दोऱ्यानं बांधलेलं, घर, नाव, काम, तारीख. माणूस बोलत असताना त्याच्यासमोर लिहायचं आणि लिहिलेलं वाचून दाखवायचं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक आक्का राहतात, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. मी दारात उभारून चिन्ह सांगायला लागले तर म्हणाल्या, "दारात नगं बोलूस. आत ये. कुणाची सून तू?" सांगितलं. "मग बस. च्या टाकतो." आमच्याकडच्या जुन्या बायका असंच बोलतात, टाकतो, येतो, जातो. चुलीपुढं बसूनच त्यांनी पिशवीतनं पासबुक काढलं. श्रावणबाळची पेन्शन तीन महिने आली नव्हती आणि त्या तीन महिन्यांत किती जण मतं मागायला, वर्गणी मागायला येऊन गेले होते, कुणाला पासबुक दाखवायचं सुचलंच नव्हतं त्यांना, कारण कुणी बसलंच नव्हतं. मी सांगितलं, आक्का, हे ग्रामपंचायतीचं काम नाही, तहसीलच्या संजय गांधी शाखेतलं आहे, निकालानंतर मी तुम्हाला घेऊन जाते, मी आले तरी आणि पडले तरी. आणि ते वहीत पहिल्या पानावर लिहिलं.

आश्वासनाच्या बाबतीत एवढं सांभाळा. ग्रामपंचायत काय करू शकते हे तुम्हाला पाठ पाहिजे, कारण मतदाराला सगळं एकच वाटतं, तो पूर अनुदान पण विचारणार, दूध संघात नोकरी पण विचारणार, घरकुल पण विचारणार. आपल्या हातात पाणी, दिवाबत्ती, गटर, स्वच्छता, गावातले अंतर्गत रस्ते. आमच्या वेळी पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच घालावे लागायचे, उरलेल्या ४० टक्क्यांत बाकीचं. स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणाला, १५ टक्के मागासवर्गीय वस्तीसाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. हे आकडे दारात सांगितले की माणसं नीट ऐकतात, आणि पुढच्या ग्रामसभेत विचारतात पण, ते चांगलंच आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात आमच्या प्रभागातल्या खालच्या दोन गल्ल्या घरं सोडून शाळेत राहिल्या होत्या. तिथं गेल्यावर पुराचं बोलणं निघणारच. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, हे तिथल्या पोरांनासुद्धा माहीत असतंय, तुम्ही तिथं जाऊन मोघम बोलला तर संपलं. मी एवढंच म्हटलं की ३९ झालं की जनावरं हलवायला ट्रॉली कुणाची आणि बांधायची जागा कुठली, हे पावसाळ्याच्या आधी लिहून ठेवू. ते करता येण्यासारखं होतं.

आता एक गोष्ट बायकांसाठी खास. तुमची जागा महिला राखीव असेल तर बोलणार तुम्ही. नवरा नाही, दीर नाही, सासरा नाही. आमचे हे स्वभावानं चांगले आहेत, पण पहिल्या दिवशी प्रत्येक दारात तेच बोलत होते आणि मी हात जोडून मागं. चौथ्या घरात एका म्हाताऱ्या आबांनी विचारलं, "बाई बोलत न्हाईत व्हय?" त्या रात्री आम्ही ठरवलं, हे गेटच्या बाहेर थांबणार, दारात मी एकटी जाणार. सुरुवातीला आवाज फुटत नव्हता, घशाला कोरड पडायची. मग चार वाक्यं ठरवली, मी कोण, माझी जागा कुठली, माझं चिन्ह कपबशी, आणि तुमच्या घराची काय अडचण आहे ते सांगा. चौथं वाक्य बोललं की बोलायचं काम समोरचा करतो. तिसऱ्या दिवसापासून मला काही वाटेनासं झालं. बॅनरवर पण तुमचा फोटो मोठा, घरातल्या पुरुषांचा नको. निवडून आल्यावर खुर्चीत कोण बसणार हे लोक बॅनर बघून ठरवतात.

संध्याकाळचं परत दूध, मग स्वयंपाक, म्हणजे सात ते आठ दारात जाऊ नका. चुलीवर भाकरी असताना बाईला बाहेर बोलावलं की भाकरी करपते आणि मन पण. साडेआठ ते दहा ही घरभेटीची खरी वेळ, सगळं घर असतंय. दहानंतर स्पीकर बंद म्हणजे बंद, तो नियमच आहे, आणि आवाज नसला तरी दहानंतर दार वाजवू नका. अपवाद एकच, रात्रीच्या लाईटवर मोटरी असतात तेव्हा पाणी पाजायला गेलेली माणसं बांधावर जागी असतात, आमच्या पॅनेलमधले पुरुष उमेदवार तिथं जायचे आणि शेकोटीला निवांत बोलणं व्हायचं.

त्या दहा दिवसांत मार्गशीर्षातले दोन गुरुवार आले, ८ आणि १५ तारखेला. गुरुवारी संध्याकाळी घराघरांत महालक्ष्मीची मांडणी, बायकांचा उपवास. त्या दिवशी प्रचाराला म्हणून जाऊ नका. हळदीकुंकवाला बोलावलं तर जा, पण राजकारणाचं अक्षर काढायचं नाही, आणि आपल्याकडनं वाण म्हणून वस्तू वाटायची तर अजिबात नाही, ते आमिष होतंय आणि तुमच्यावर तक्रार होऊ शकते. मी माझं कुंकू लावून घेतलं आणि घरी आले. एवढ्यावर पण खूप काही होतं.

तरुण पोरांचं वेगळंच. त्या डिसेंबरात वर्ल्डकप चालू होता आणि कोल्हापुरात फुटबॉल काय असतोय ते तुम्हाला सांगायला नको, आमच्या गावात पण अर्जेंटिनाचे आणि ब्राझीलचे झेंडे. सेमीफायनल रात्री साडेबाराला. पोरं तीनपर्यंत जागी आणि सकाळी सहाला पत्रकं वाटायला या म्हटलं तर कोण येणार? चिडून उपयोग नाही. पोरांची कामं सगळी संध्याकाळी लावली, सकाळची कामं बायकांनी घेतली. ज्या वेळी ज्याला जमतं त्या वेळी तेवढंच काम द्या, माणसं टिकतात.

पैशाचं. ११ सदस्यांच्या ग्रामपंचायतीला आमच्या वेळी सदस्यासाठी खर्चाची मर्यादा ३५ हजार होती. तुमच्या वेळची मर्यादा अर्ज भरतानाच विचारून घ्या. रोज रात्री झोपायच्या आधी दिवसाचा खर्च लिहायचा, बिल फाईलला लावायचं, निवडणूक आयोगाच्या ट्रू व्होटर ॲपवर भरायचं. दोन दिवस राहिलं की चहाच्या टपरीचं किती आणि रिक्षाचं किती काही आठवत नाही. माझा सगळा मिळून २२ हजारांच्या आत खर्च झाला, त्यात पत्रकं, दोन बॅनर, दोन दिवस स्पीकरची रिक्षा, कार्यकर्त्यांचा चहा-नाष्टा.

जेवणावळीबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. तांबडा-पांढऱ्याच्या पंगती, पाकिटं, साड्या, हे सगळं आपल्याकडं चालतं असं म्हणून लोक तुम्हाला पण ढकलतील. "एक बोकड तरी पाडा वैनी, नाहीतर पोरं हलायची नाहीत", असं मला आमच्याच माणसांनी तीनदा सांगितलं. नाही केलं. गुन्हा आहे हे तर झालंच, पण कर्ज काढून पंगत घातलेला माणूस निवडून आला की पाच वर्षं ते पैसे काढत बसतो, गटराच्या कामातनं काढतो, पाईपच्या जाडीतनं काढतो, आणि ते पाणी शेवटी आपल्याच दारात तुंबतं. मागणाऱ्याला रागावू नका, सरळ सांगा, माझ्याकडं नाही आणि असते तरी दिले नसते. काही मतं जातात. मला माहीत आहे माझी कुठल्या घरातली गेली. पण बायकांनी हे गल्लीगल्लीत आपणहून सांगितलं, त्यानं आली पण.

छपाईत माझी मोठी चूक झाली ती सांगते. शहरातल्या एका प्रेसमधनं हजार पत्रकं छापून आणली. रात्री अकराला मुलगी मोजत बसली होती, ती म्हणाली, "आई, तुझा नंबर तीन ना? इथं दोन आहे." मतपत्रिकेवर दोन नंबर समोरच्या उमेदवाराचा. प्रूफ मी मोबाईलवर बघितलं होतं, फोटो चांगला आलाय एवढंच बघितलं, नंबर वाचला नाही. हजारच्या हजार बाजूला ठेवली, सकाळी परत छापायला टाकली, दीड दिवस गेला आणि पैसे दोनदा गेले. तुम्ही प्रूफ कागदावर मागा आणि तीन वेगळ्या माणसांना वाचायला द्या, एकानं नंबर, एकानं चिन्ह आणि जागेचं अ-ब-क अक्षर, एकानं खालची ओळ, म्हणजे छापणाऱ्याचं आणि प्रसिद्ध करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि किती प्रती ते. ती खालची ओळ नसली तर पत्रक बेकायदा ठरतं.

तब्येत सांभाळा. माझं चिन्ह कपबशी, त्यामुळं चहा न पाजता कुणी सोडायचंच नाही, पहिल्या दिवशी एकवीस कप झाले आणि रात्री पित्तानं झोप नाही. मग मी बशीत दोन घोट ओतून घ्यायला लागले, माणसाचा मान राहतो आणि पोट पण. घरातनं निघताना भाकरी खाऊनच निघायचं, ज्वारीची भाकरी आणि झुणका असला की दुपारपर्यंत काळजी नाही. नवीन चप्पल घालू नका, कापशीची असो नाहीतर कुठली, नवी कोल्हापुरी दहा दिवसांत पाय सोलून काढते. बाटलीत कोमट पाणी, पदराला आल्याचा तुकडा. आणि दुपारी दोन ते साडेतीन झोप. झोपायचंच. उमेदवार दमलेला दिसला की लोकांना वाटतं पडणार. मुलीची सहामाही झालेली होती पण तिच्या क्लासला सोडायचं काम मी सोडलं नाही, रोजचा तो अर्धा तास माझा, गाडीवर तिच्याशी बोलायला मिळायचं.

व्हॉट्सॲपवर रात्री उत्तर देऊ नका. गावाच्या ग्रुपवर माझ्याबद्दल एक क्लिप फिरली, मी कधी बोललेच नव्हते असं काहीतरी. हात शिवशिवत होते. सकाळी दुधाच्या रांगेत ज्यानं टाकली त्याच्याच आईला भेटले, नेहमीसारखा नमस्कार केला आणि खरं काय ते शांतपणे सांगितलं. दुपारपर्यंत क्लिप गेली. समोरची उमेदवार कोण असते? आपलीच जाऊबाई, नाहीतर मुलीच्या मैत्रिणीची आई. माझ्यासमोर उभारलेली बाई आणि मी एकाच बचत गटात, आणि गटाची मीटिंग त्या आठवड्यात पण झाली, दोघी गेलो, हप्ता भरला, सतरंजीवर शेजारी बसलो.

शेवटचे तीन दिवस फक्त मतदान कसं करायचं ते शिकवण्यात घाला. ग्रामपंचायतीचं मतदान म्हाताऱ्या माणसांना अवघड जातं. सरपंचाचं एक, सदस्यांची दोन किंवा तीन, मशीनवर वेगवेगळ्या रंगाच्या पत्रिका. सरपंचाची फिकी निळी, सर्वसाधारण पांढरी, ओबीसी पिवळी, एससी गुलाबी. आमच्या प्रभागात पांढऱ्या दोन होत्या आणि एक पिवळी, आणि घोळ तिथंच होता, माणसं एकाच पांढऱ्यात दोन बटणं दाबायला बघतात. म्हणून रंग सांगायचाच, पण जागेचं अक्षर पण सांगायचं, अ, ब, क. माझी ब. पुठ्ठ्यावर डमी मतपत्रिका करून प्रत्येक घरात बोट ठेवून दाखवली. आणि हे नक्की सांगायचं की सगळ्या जागांची बटणं दाबून झाली की मगच मशीनचा आवाज येतो, एक बटण दाबून बाहेर यायचं नाही. समोरच्या पॅनेलला मत देणाऱ्याला पण हे शिकवलं, मत वाया जाऊ नये एवढंच.

मतदानाच्या दिवशी साडेसातला सुरू, साडेपाचला बंद. बूथपासून शंभर मीटरच्या आत प्रचार नाही, गाडी लावून मतदार आणायचे नाहीत. पोलिंग एजंट यादीत पक्का असलेला माणूस ठेवा, त्याच्या डब्याची सोय आदल्या दिवशी करा, आणि मशीन सील होईपर्यंत त्यानं उठायचं नाही. बाकी दिवसभर तुमच्या हातात काही नसतं. त्या रात्री साडेआठला फायनल होती, तरुण मंडळानं चौकात पडदा लावला, आणि दिवसभर समोरासमोरच्या टेबलांवर चिठ्ठ्या लिहीत बसलेली दोन्ही पॅनेलची पोरं एकाच ताडपत्रीवर बसून मेस्सीसाठी ओरडत होती. मी गच्चीवरनं बघत उभारले होते, दहा दिवसांचा शीण तिथं उतरला.

२० तारखेला मोजणी झाली, मी ३७ मतांनी आले. गुलाल झाला, पण समोरच्या बाईच्या गल्लीतनं मिरवणूक नेऊ दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांना घेऊन बॅनर उतरवले, मंडळाच्या खुर्च्या मोजून परत दिल्या. खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत द्यावा लागतो, आलेल्यानं पण आणि पडलेल्यानं पण, नाही दिला तर पाच वर्षं अपात्र ठरवू शकतात, तेव्हा तो देऊन पोच घ्या.

आणि बॅनर उतरवले त्याच दिवशी अकराच्या एसटीनं आक्कांना घेऊन कोल्हापूरला गेले. हयातीचा दाखला दिलेला नव्हता म्हणून पेन्शन थांबलेली. अर्ज भरला, अंगठा दिला, झेरॉक्स जोडली. येताना वहीतल्या त्या पहिल्या ओळीवर बरोबरची खूण केली. खाली पाण्याच्या वेळेच्या चौदा नोंदी होत्या, त्या पहिल्या मासिक सभेत वाचून दाखवल्या.